गुरुजींचा संगणक, पोराचा पिन आणि गटाचे अकरा हजार

प्रश्न (नाव-गाव वगळून, थोडक्यात):

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका महिला बचत गटाच्या सचिव ताईंचं हे पत्र. गटाचे हिशेब ठेवायला आणि गावातल्या मुलांचे फॉर्म भरायला गटाने शेजारच्या गावातल्या निवृत्त गुरुजींकडून जुना डेस्कटॉप ११,००० रुपयांना घेतला. डेल ऑप्टिप्लेक्स ३०५०, सातव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी (वेगवान डिस्क) आणि सोबत ५०० जीबीची जुनी हार्ड डिस्क. चालू केला की आधी काळ्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी येतं, एफ१ दाबलं की पुढे जातो, मग गुरुजींच्या मुलाचं नाव आणि खाली पिनचा चौकोन. मुलगा पुण्याला नोकरीत. फोनवर म्हणतो, "ताई, खरंच आठवत नाही." तालुक्याचा दुकानदार म्हणतो, "पासवर्ड तोडावा लागेल, १,८०० रुपये, दोन दिवस ठेवून जा, हार्ड डिस्क बदलावी लागली तर त्याचे वेगळे." घरचे म्हणतात, फॉर्मॅट मारून मोकळी हो. पण गुरुजींच्या पत्नी गेल्या वर्षी वारल्या, त्यांचे फोटो त्यात आहेत. संगणक देताना गुरुजी म्हणाले होते, "असू दे, पोरगा काढून घेईल." गटाच्या बैठकीत आता बाया विचारतात, "संगणक आणला का शोभेची पेटी वं?" ताईंचा प्रश्न: तोडून घेऊ, फॉर्मॅट मारू, की गुरुजींना परत करून पैसे मागू?

उत्तर:

ताई, पत्रासोबत पडद्याचे दोन फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. तुमच्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर त्या फोटोंतच आहे.

पहिली गोष्ट, "पासवर्ड विसरला" हे वाक्य. ते मुलगा म्हणाला, गुरुजींनी पुढे सांगितलं, दुकानदाराने मान डोलावली आणि तुम्हीही धरून चाललात. पण विसरला ते नेमकं काय? फोटोत चौकोनात "पिन" लिहिलंय. पिन आणि पासवर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिन हा त्या एका यंत्रापुरताच असतो, त्याच यंत्रात साठवलेला. पासवर्ड मायक्रोसॉफ्टच्या खात्याचा असेल, तर तो मुलाला आजही पाठ असण्याची शक्यता मोठी आहे, कारण तेच खातं तो फोनवर किंवा ऑफिसात वापरत असू शकतो. त्याला कुणी तसं विचारलंच नसेल. पिनच्या चौकोनाखाली "साइन-इन ऑप्शन्स" असं लिहिलेलं असतं. त्यावर क्लिक केलं की छोटी चित्रं दिसतात. त्यातलं किल्लीचं चित्र दाबलं की पिनऐवजी पासवर्ड मागतो. मुलाला फोन करून एवढंच विचारा: "पिन राहू दे, तुझ्या मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड चालेल का?"

त्याने गेल्या वर्षा-दोन वर्षांत तो पासवर्ड बदलला असेल, तर एक अडचण येते. संगणकाला इंटरनेट मिळत नाही तोवर तो जुनाच पासवर्ड खरा मानतो. नवा टाकला की "चुकीचा" म्हणणार. तुमच्या घरी वायफाय नाही, आणि या जातीच्या डेस्कटॉपमध्ये बहुतेक वेळा वायफायचं कार्डच नसतं. म्हणजे तुमच्याकडे आल्यापासून या यंत्राला इंटरनेट लागलेलंच नाही. "पिन विसरलो" ही ओळ दाबून पाहिली तेव्हा काही झालं नाही असं तुम्ही लिहिता. त्याचं कारणही हेच. त्या ओळीला इंटरनेट लागतं.

इंटरनेट द्यायला राउटर लागत नाही. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने संगणकाला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर "यूएसबी टेथरिंग" चालू करा. केबल डेटाची हवी. फक्त चार्जिंगच्या स्वस्त केबलने हे होत नाही, आणि मग तो पर्याय फोनमध्ये फिकट दिसतो. मिनिटभरात पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातलं नेटवर्कचं चित्र बदलेल.

आता दुसरा फोटो. काळ्या पडद्यावरचं ते इंग्रजी तुम्हाला पासवर्डचीच भानगड वाटली. तसं नाही. त्यात लिहिलंय की यंत्राची वेळ लावलेली नाही. मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवर, रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर२०३२ नावाचा, घड्याळाच्या दुकानातही मिळतो, तीस-पन्नास रुपयांना. तो मेलाय. म्हणून प्रत्येक वेळी लाईन गेली की संगणकाचं घड्याळ काही वर्षं मागे जातं. तुमच्या फोटोत कोपऱ्यात २०१७ साल दिसतंय. ही गोष्ट क्षुल्लक नाही. तारीख चुकीची असेल तर इंटरनेटवरच्या सुरक्षित साइट्स संगणकाला खोट्या वाटतात, आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी बोलणी होतच नाहीत. म्हणजे पासवर्ड बरोबर, इंटरनेट चालू, तरी दार बंद. मेलेल्या सेलमुळे आणखी एक गंमत होते. कीबोर्डचं नम लॉक कधी कधी आपोआप बंद राहतं. मग उजव्या बाजूच्या आकड्यांवरून पिन टाकला की एकही आकडा उमटत नाही. माणूस मात्र चार ठोके मारून एंटर दाबतो आणि म्हणतो, पिन चुकला.

तेव्हा पैसे खर्च करण्याआधी हे करा. संगणक बंद करून भिंतीतली वायर काढा, चालू करायचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवा म्हणजे आतला उरलासुरला करंट जाईल. बाजूचं झाकण उघडा. एखाद्या धातूच्या वस्तूला, सळईच्या खिडकीला म्हणा, हात लावून घ्या. सेल काढून नवा बसवा, छापलेली अधिक खूण वर. झाकण लावा, चालू करा, डेलचं चिन्ह दिसताच एफ२ दाबत राहा आणि फक्त तारीख-वेळ दुरुस्त करा. तिथल्या बाकी कशाला हात लावू नका. मग साइन-इनच्या पडद्यावर नम लॉकचा दिवा पाहा. कोपऱ्यात भाषेची खूण असते तीही पाहा. तिथे मराठी दिसत असेल तर विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजी करा. पासवर्डच्या चौकोनात सगळे ठिपकेच दिसतात, त्यामुळे मराठीत टाईप होतंय हे कळत नाही. उजवीकडचं डोळ्याचं चित्र दाबून धरलं की टाकलेलं दिसतं. पिन बऱ्याचदा चुकला की यंत्र "ए१बी२सी३" टाईप करायला सांगतं आणि नंतर रीस्टार्ट मागतं. त्याने काही बिघडत नाही. घाबरून अर्ध्यावर वायर ओढू नका.

यानंतर मुलाला फोन करा. ओटीपी त्याच्याकडून मागून घेऊ नका आणि त्यानेही तो सांगू नये. पद्धत अशी ठेवा: मायक्रोसॉफ्टच्या पानावर "पासवर्ड विसरलो" हे तो स्वतःच्या फोनवर करील, नवा पासवर्ड स्वतः ठरवील, आणि दिवाळीला गावी येईल तेव्हा तुमच्या ओसरीवर बसून स्वतः टाकील. यायला जमत नसेल तर तो तात्पुरता पासवर्ड ठेवून तुम्हाला सांगेल, तुम्ही आत जाल, आणि काम झाल्याबरोबर तो फोनवरून बदलेल. त्याचा एक अडथळा संभवतो. खात्याला जोडलेला नंबर कॉलेजातल्या जुन्या सिमचा असेल आणि ते सिम आता बंद असेल. बराच काळ रिचार्ज नसलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देऊन टाकते, मग ओटीपी भलत्याच माणसाकडे जातो. तशा वेळी खात्याची माहिती बदलून घेता येते, पण जुनी सगळी माहिती बदलली तर मायक्रोसॉफ्ट ३० दिवस थांबायला लावतं. गटाने थांबायचं की नाही, ते गुरुजींच्या पत्नीच्या फोटोंवरून ठरवा.

फोटोंबद्दल तुम्ही दोन टोकांवर उभ्या आहात: एक तर पासवर्ड तोडा, नाही तर फोटो जाऊ द्या. तुमच्या यंत्रात दोन डिस्क आहेत हे मात्र तुम्ही सहज लिहून गेलात. विंडोज साधारणपणे एसएसडीवर असतं आणि घरचे फोटो, लग्नाचे व्हिडिओ हे मोठ्या, जुन्या हार्ड डिस्कवर टाकलेले असतात. तसं असेल तर ते फोटो पासवर्डच्या मागे नाहीतच. हार्ड डिस्क काढून, साटा-टू-यूएसबी केबलने दुसऱ्या चालू संगणकाला लावली की पेन ड्राइव्हसारखी उघडते. डिस्क साडेतीन इंची, म्हणजे वहीच्या निम्म्या आकाराची जाड असेल, तर केबलसोबत १२ व्होल्टचा अडॅप्टर असलेलीच घ्या. नुसत्या यूएसबीच्या करंटवर ती फिरत नाही, टिकटिक करते आणि लोकांना वाटतं खराब झाली. तालुक्याच्या एमएस-सीआयटी केंद्रात अशी केबल बहुधा असते. उघडताना "परवानगी नाही" असा संदेश आला तर "कंटिन्यू" दाबायचं, एवढंच. एसएसडीवरच्या फोटोंसाठीही तोडफोड लागत नाही. लिनक्स मिंटचा (विंडोजऐवजी चालणारी एक प्रणाली) पेन ड्राइव्ह लावून यंत्र त्यावरून चालू करायचं, काहीही इन्स्टॉल न करता, आणि मुलाच्या नावाचं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करायचं. डिस्क "फक्त वाचता येते" असं म्हणाली तर हरकत नाही. कॉपीसाठी तेवढं पुरतं. तसं होण्याचं कारण म्हणजे विंडोज शेवटचं पूर्ण बंद न होता झोपलेलं असतं.

हे करण्याआधी गुरुजींना विचारा. तुम्हाला त्यांना पुन्हा पुन्हा फोन करायची लाज वाटते, पण विचार करा, त्यांना तुम्ही काय सांगणार आहात? "तुमचा संगणक चालत नाही" हे सांगणं वेगळं आणि "मॅडमचे फोटो काढून पेन ड्राइव्हवर तुम्हाला आणून देते, चालेल ना?" हे वेगळं. पैसे देऊन गटाने यंत्र घेतलं. आतलं सामान गुरुजींचंच आहे. दुकानदाराने "तोडून" दिलं असतं तर त्यांचे फोटो, मुलाचे मेल, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, कदाचित पेन्शनची कागदपत्रं, सगळं दोन दिवस एका अनोळखी टेबलावर पडून राहिलं असतं. म्हणून फोटो काढताना दुसरं काही उघडून पाहू नका. दोन प्रती करा, एक गुरुजींना, एक मुलाला. कॉपी झाल्यावर पाच-सहा फोटो उघडून बघा. नुसती फोल्डरची नावं दिसली म्हणून कॉपी झालीच असं नसतं.

तोडण्याबद्दल दोन शब्द, कारण तुमच्यासारखी पत्रं बरीच येतात. विंडोजचा पासवर्ड जबरदस्तीने पुसणारे पेन ड्राइव्ह बाजारात फिरतात. त्यांत काय भरलंय हे देणाऱ्यालाही माहीत नसतं. शिवाय पासवर्ड असा पुसला की त्या खात्यात साठवलेले इतर पासवर्ड आणि एनक्रिप्ट केलेल्या, म्हणजे कुलूपबंद, फायली कायमच्या जातात. आणि शेवटी तुमच्या हातात काय उरतं? दुसऱ्याच्या खात्यात बसलेला गट. बँकेचं काम ज्या यंत्रावर करायचं, ते कुणाच्या तरी उरलेल्या घरट्यात कशाला करायचं? तुम्हाला मुलाचं खातं उघडायची गरज नाही. तुम्हाला कोरं यंत्र हवंय. फोटो बाहेर आले की तो पासवर्ड आठवला काय आणि न आठवला काय, तुमचं काही अडत नाही. खरं तर आठवला तरी यंत्र कोरंच करा.

आणि घरचे म्हणतात तो फॉर्मॅट? तोच मार्ग आहे, फक्त फोटो निघाल्यावर. यंत्र त्याने खराब होत नाही, हार्ड डिस्क "बदलावी" तर मुळीच लागत नाही. दुकानदाराच्या त्या वाक्याला आधार नाही.

कोरं करायला पासवर्ड लागत नाही, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटतं. साइन-इनच्या पडद्यावर उजवीकडे खाली पॉवरचं चित्र असतं. कीबोर्डवरची शिफ्ट दाबून धरा आणि "रीस्टार्ट" निवडा. निळा पडदा येईल. "ट्रबलशूट", मग "रीसेट धिस पीसी". तिथे "कीप माय फाइल्स" निवडलं तर खात्याचा पासवर्ड मागतो, म्हणून "रिमूव्ह एव्हरीथिंग". पुढे विचारतो, विंडोज इंटरनेटवरून आणू की यंत्रातलंच वापरू? "लोकल" घ्या. क्लाउडला चार जीबीहून जास्त डेटा लागू शकतो आणि तुमच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये तो अर्ध्यात अडकेल. त्यानंतरचा प्रश्न नीट वाचा: फक्त विंडोजची डिस्क की सगळ्या डिस्क? "फक्त विंडोजची". इथे घाईत "सगळ्या" दाबून घरादाराचे फोटो घालवलेले लोक आहेत. शेवटी "जस्ट रिमूव्ह माय फाइल्स". यंत्र तुमच्याकडेच राहणार आहे, तेवढं पुरतं. पुढे कधी गटाने ते विकलं तर "फुली क्लीन" घ्यायचं, तेव्हा काही तास लागतात.

मुहूर्त मात्र लाईनचा बघा. तुमच्याकडे लोडशेडिंगचं वेळापत्रक असतं, ते पाहून सलग दोन-तीन तास वीज राहील अशी वेळ धरा. साधा ६०० व्हीएचा यूपीएस असेल तर दहा-पंधरा मिनिटं तग धरतो, एवढ्यात रीसेट पूर्ण होत नाही. मध्येच लाईन गेली तर यंत्र मरत नाही. विंडोज अर्धवट राहतं आणि मग पेन ड्राइव्हवरून नव्याने टाकावं लागतं.

रीसेट स्वतःहून नकार देण्याचीही शक्यता आहे: "रीसेट करताना अडचण आली, काही बदल केले नाहीत" असा संदेश. जुन्या यंत्रांत तो वरचेवर येतो, कारण आतली विंडोजची प्रतच खराब झालेली असते. मग पेन ड्राइव्ह. किमान ८ जीबीचा, रिकामा, कारण त्यातलं सगळं पुसलं जातं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून "मीडिया क्रिएशन टूल" घेऊन दुसऱ्या विंडोज संगणकावर तो बनवायचा. पाच-सहा जीबी डाउनलोड होतं, तेव्हा तुमच्या हॉटस्पॉटवर बसू नका, एमएस-सीआयटी केंद्रात बनवून घ्या. यंत्र पेन ड्राइव्हवरून चालू करायला डेलमध्ये एफ१२ दाबतात आणि यादीतून "यूईएफआय" असं आधी लिहिलेलं पेन ड्राइव्हचं नाव निवडतात. (हेच एचपीत एफ९, लेनोव्होत बहुधा एफ१२, एसरमध्ये एफ१२ पण ते आधी सेटअपमध्ये चालू करावं लागतं.) डिस्कच्या यादीत "एमबीआर" अशी तक्रार आली तर समजा की पेन ड्राइव्ह ज्या पद्धतीने चालू झाला ती डिस्कशी जुळत नाही. परत जाऊन यादीतली त्याच पेन ड्राइव्हची दुसरी ओळ निवडा.

सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे "विंडोज कुठे टाकू?" हा पडदा. इथे डिस्कची नावं येत नाहीत, शून्य आणि एक असे नंबर येतात. ओळखायचं आकारावरून. २५६ जीबीची एसएसडी तिथे २३८ दिसते, ५०० ची हार्ड डिस्क ४६५ दिसते. डिस्क चोरीला गेलेली नाही, मोजण्याच्या दोन पद्धतींतला तो फरक आहे. त्याहून सोपं सांगू? विंडोज टाकायच्या आधी झाकण उघडून हार्ड डिस्कची चपटी डेटा केबल काढूनच ठेवा. मग चूक करायची म्हटलं तरी होणार नाही. काम झाल्यावर, यंत्र बंद करून, परत लावा.

विंडोजची किल्ली (प्रॉडक्ट की) विकत घ्यायला सांगतील. थांबा. कंपनीकडून विंडोजसह आलेल्या यंत्रांत ती किल्ली मदरबोर्डमध्येच लिहिलेली असते. इन्स्टॉल करताना "माझ्याकडे किल्ली नाही" निवडा, आधी होती तीच आवृत्ती, म्हणजे होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो, टाका, आणि इंटरनेट जोडल्यावर ती आपोआप मान्य होते. सेटिंगमध्ये "ॲक्टिव्हेशन" या पानावर "डिजिटल लायसन्स" असं दिसलं की झालं. कुणी "ॲक्टिव्हेटर मारून देतो", म्हणजे किल्लीशिवाय विंडोज चालू करणारं चोरटं सॉफ्टवेअर टाकतो, म्हणालं तर हात जोडा. ज्या यंत्रावर गटाचं बँक खातं उघडायचं, त्यावर तो नको.

एक कडू गोष्ट. सातव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही, तिथे इंटेलची आठवी पिढी आणि पुढची लागते. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती ग्राहकांना वाढीव सुरक्षा अपडेटची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दिली आहे, त्यासाठी मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन करून अपडेटच्या पानावर नाव नोंदवावं लागतं. दुकानदार युक्तीने ११ टाकून देईल, पण पुढची अपडेट येतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. गटाचं काम नुसतं हिशेब आणि वेबसाइटवरचे फॉर्म एवढंच असेल तर लिनक्स मिंट फुकट आहे आणि ८ जीबी रॅमवर छान चालतं. पण अंगठ्याचं यंत्र किंवा डिजिटल सहीचा टोकन वापरणार असाल, तर त्यांची सॉफ्टवेअरं बहुतेक विंडोजसाठीच असतात. हे ठरवूनच टाका, नाही तर महिन्याने पुन्हा सगळं करावं लागेल. हे मी गटाने ११,००० फुकट घालवले म्हणून सांगत नाही. पुढच्या खरेदीला मात्र "कितव्या पिढीचा?" हा प्रश्न आधी विचारा.

मग परत करून पैसे मागायचे का? माझ्या मते नाही. यंत्रात दोष निघालेला नाही. एक सेल मेलाय आणि एक आकडा विसरलाय. गुरुजींकडून एक गोष्ट मात्र घ्या, जी घ्यायची राहिली असं पत्रावरून दिसतं: पावती. साध्या कागदावर तारीख, रक्कम, मॉडेल, यंत्रामागच्या चिकटपट्टीवरचा सात अक्षरी सर्व्हिस टॅग, त्यांची सही. गटाच्या इतिवृत्तात तो नंबर लिहून ठेवा.

ही पावती इतर वाचकांच्या जास्त कामाची आहे, कारण सगळ्यांचं कुलूप ताईंसारखं साधं नसतं. यंत्र कुठे अडतं ते पाहा. विंडोजचं चित्र येण्याआधीच, साध्या पडद्यावर पासवर्ड मागत असेल तर ते बायोसचं, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामचं, कुलूप. डेस्कटॉपमध्ये ते मदरबोर्डवरच्या जंपरने, म्हणजे दोन पिनांवर बसवलेल्या छोट्या टोपीने, निघतं. डेलमध्ये त्या दोन पिनांशेजारी पीएसडब्ल्यूडी अशी इंग्रजी अक्षरं छापलेली असतात. टोपी काढून एकदा चालू करायचं, बंद करून परत बसवायची. लॅपटॉपमध्ये सेल काढून काही होत नाही, तो पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये असतो, आणि कंपनीचं सर्व्हिस सेंटर खरेदीचा पुरावा पाहिल्याशिवाय हात लावत नाही. निळ्या पडद्यावर ४८ आकडी किल्ली मागत असेल तर डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या डिस्क-कुलपाने, बंद आहे. विकणाऱ्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ती किल्ली बहुधा साठवलेली असते. नसेल तर आतली माहिती विसरा. यंत्र कोरं करून मात्र वापरता येतं. आणि रीसेट केल्यावरही एखाद्या कंपनीचं नाव येऊन तिथला ईमेल मागितला, तर ते यंत्र अजून त्या कंपनीच्या वहीत आहे. कितीदाही फॉर्मॅट मारा, इंटरनेट लागलं की परत तेच. ते फक्त ती कंपनीच काढू शकते. असं यंत्र ज्याच्याकडून घेतलं त्याला परत करा, त्याच दिवशी. चोरीचा माल आहे हे माहीत असून ठेवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि "मला काय माहीत" म्हणायला हातात पावती असावी लागते.

ताई, आता नव्या पासवर्डचं. तुमच्या गटाची रोकड पेटी एकीच्या घरी आणि किल्ली दुसरीकडे असते ना? तोच कायदा इथे लावा. दोन खाती करा. एक मुख्य, ॲडमिनचं, ज्याचा पासवर्ड बंद पाकिटात घालून गटाच्या पेटीत जाईल, अध्यक्ष आणि सचिव दोघींच्या सहीचं पाकीट. दुसरं रोजच्या कामाचं साधं खातं, ज्यातून नवं काही सहसा इन्स्टॉल होत नाही. मायक्रोसॉफ्टशी न जोडलेलं, याच यंत्रापुरतं खातं करताना विंडोज तीन प्रश्न विचारून ठेवतं, विसरल्यावर तेच विचारून आत घेतं. तिथे खरी उत्तरं देऊ नका. तुमचं जन्मगाव आणि पहिल्या बैलाचं नाव गावात सगळ्यांना ठाऊक आहे. काहीही उत्तर द्या, पण तेही त्याच पाकिटात लिहून ठेवा. आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्याला नंबर जोडाल तो गटातल्या अशा बाईचा, जिचं रिचार्ज कधी संपत नाही.

खर्च धरा: सेल, १६ जीबीचा पेन ड्राइव्ह, केबल मिळाली नाही तर ती विकत, आणि एमएस-सीआयटीवाल्या पोराला चहा. १,८०० च्या आतच बसावं. दुकानदाराकडेच जायचं ठरलं तर "पासवर्ड तोडा" म्हणू नका. "हार्ड डिस्कची केबल काढून, एसएसडीवर विंडोज टाकून द्या, माझ्यासमोर" असं म्हणा, आणि भाव आधी ठरवा. पण पहिला फोन गुरुजींच्या मुलाला, आणि तो येत्या रविवारीच, त्याला सुट्टी असते तेव्हा.